डावीकडे ओढणारी सायकल

सायकलवाली अकराला येणार होती, आणि भिंगरी सव्वानऊलाच दादाच्या दारात हजर झाली.

"घड्याळ पुढे गेलंय का तुझं?" दार उघडत दादाने विचारलं.

"सहज आले. म्हटलं, खोकी बांधायला मदत करावी."

"खोकी परवाच बांधून झाली. तूच बांधलीस."

भिंगरी अडुसष्ट वर्षांची. हे नाव तिला दादानेच ठेवलं होतं, ती चार वर्षांची आणि तो अकरा वर्षांचा असताना, कारण ती जेवायला बसली तरी ताटाभोवती दोनदा फिरून यायची. पुढे ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर झाली. तीस वर्षं एका खुर्चीत बसून तिने साऱ्या शहराचे फोन जोडून दिले, तरी नाव काही सुटलं नाही. आता तिला त्या नावाने हाक मारणारा दादा एकटाच उरला होता, आणि तोही रविवारी मुलीकडे राहायला जाणार होता. कायमचा. मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट एवढीशी की दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास रोखून धरायचा. तिथे सायकल नेण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून दादाने ती विकायला काढली होती.

पुढच्या खोलीत भिंतीला खोकी रचून ठेवली होती आणि मधोमध, अंथरलेल्या जुन्या चादरीवर, ती उभी होती. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, खाली वळलेलं हँडल, मागेपुढे सामानाच्या पिशव्या अडकवायला कॅरिअर, कातडी सीट. दादाने दोन दिवस मऊ फडक्याने पुसून तिचा कण न् कण लखलखीत केला होता.

भिंगरीने सायकलीकडे पाहिलं आणि लगेच खिडकीकडे पाहिलं. मग खिडकी बंद केली. मग उघडली.

"दादा, मी म्हणते, किंमत कशाला करत बसायची? द्यावी कुणाला तरी. नाहीतर भंगारवाल्याला बोलावू. दहा मिनिटांत जागा मोकळी."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "भंगारवाल्याला? हिला?"

"नाही म्हणजे, आपलं..."

"तू बस. पायाखाली मुंग्या आल्यासारखी नाचू नकोस."

ती बसली. दोन मिनिटांत उठून चहा टाकायला गेली.

त्या काळी अशी सायकल दुकानात मिळत नसे. ती बांधून घ्यावी लागे. दादा वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून लागला, तेव्हा त्याने पहिल्या दोन वर्षांचा पगार बाजूला टाकून एका कारागिराकडे ती बांधायला दिली. शिंप्याने मापं घ्यावीत तशी त्या कारागिराने दादाच्या पायांची, हातांची, पाठीची मापं घेतली. तेवढ्यात दादाने सांगितलं, की तुमची टेप ताणलेली आहे, दोन मिलिमीटर जास्त दाखवते. कारागीर आधी भडकला, मग हसला, आणि दादाच्या टेपने पुन्हा सगळी मापं घेतली. तेरा महिन्यांनी सायकल घरी आली, तेव्हा आईने तिला डोळे भरून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या पैशात सून आली असती."

त्या सायकलीबद्दल दादाला ठाऊक नसलेली गोष्ट एकच होती, आणि ती भिंगरीला ठाऊक होती.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी दादा दहा दिवस खात्याच्या प्रशिक्षणाला परगावी गेला असताना तिने ती सायकल बाहेर काढली होती. बावीस वर्षांची होती ती. किल्ली कुठे असते ते तिला माहीत होतं. ती टेकडीच्या रस्त्याने वर गेली, आणि उतरताना पुलाच्या कठड्यावर समोरून जाऊन आदळली. तिचा गुडघा फुटला, तो जिन्यावरून पडले म्हणून खपला. पण सायकलीचा पुढचा चिमटा, ज्यात पुढचं चाक बसतं तो, मागे वाकला होता, आणि हँडलपासून पायडलाकडे उतरणाऱ्या तिरप्या नळीवर खालच्या अंगाला एक बारीक वळी उठली होती, कापडाला चुणी पडते तशी. तिथला रंगही उडाला होता. तिने सायकल ढकलत एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने चिमट्यात लोखंडी पाइप घालून, पाय रोवून तो "सरळ" केला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने हिरव्यात काळा थेंब थेंब मिसळून असा रंग जुळवला, की दादाने परत आल्यावर सायकल हातात घेतली, फिरवली, आणि त्याला काहीही दिसलं नाही.

तीन आठवड्यांनी दादा दोन मित्रांबरोबर मोठ्या सफरीला निघाला. अकराशे किलोमीटर. वर्षभर नकाशे अंथरून आखलेली. तिसऱ्या दिवशी उतारावर तो पडला. मनगट मोडलं, खांदा निखळला. मित्र पुढे गेले, दादा बसने परत आला. त्यानंतर तो सफरीला कधी गेला नाही. सायकल होती, तिचा सांभाळ होता, पण जाणं फक्त घर ते कचेरी, तेही उतार आला की खाली उतरून.

भिंगरी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली होती तेव्हा सांगायला तिने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दादाच म्हणाला, "माझाच हात कच्चा." आणि तिने तोंड मिटलं. पहिल्या आठवड्यात जे सांगायची भीती वाटली, ते पहिल्या वर्षात सांगायची लाज वाटली, आणि पुढे ते सांगायची सोयच राहिली नाही.

आणि आज एक जाणती बाई ती नळी हाताने चाचपून बघणार होती.

"चहा उतू गेला," दादा बाहेरून ओरडला. "वास येतोय."

सायकलवाली अकराला पाच मिनिटं असताना आली. चाळिशीची, केस आखूड कापलेले, नखांत काळं ग्रीस, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. जुन्या सायकली शोधून, पारखून, शौकिनांना विकणं हा तिचा धंदा.

"काका, ही होय! फोनवर तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं, चढवून सांगताय. सगळेच सांगतात."

"मी चढवून सांगत नाही," दादा म्हणाला. "मी पस्तीस वर्षं चढवून मापणाऱ्यांना दंड केलाय."

त्याने खिशातून एक कागद काढून तिच्या हातात दिला. सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांक घालून, सायकलीची सगळी हकीकत. भिंगरीने तो काल वाचला होता. सायकलवालीने तो मोठ्याने वाचला. "एकच मालक. मालकाखेरीज कुणी चालवलेली नाही. रंग मूळचा. एकदा डाव्या बाजूस पडली, डावं पायडल व हँडलचं डावं टोक खरचटलं. त्याखेरीज अपघात नाही." तिने मान डोलावली. "वा. असा कागद मला आजवर कुणी दिला नाही. रंग खरंच मूळचा?"

"फडक्याशिवाय काही लावलेलं नाही."

"उत्तम केलंत. लोक मला दाखवायच्या आधी प्रेमाने नवा रंग मारून आणतात आणि अर्धी किंमत आपल्या हाताने पुसतात. मग मला म्हणतात, एवढा खर्च केला, तोही धरा."

ती कामाला लागली. भिंगरी उभी राहिली, बसली, कप उचलायला लागली.

"राहू दे ना ते," दादा म्हणाला. "अजून प्यायचाय."

सायकलवालीने सीटचा दांडा सैल करून वर ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. "बघा! नाहीतर जुन्या सायकलीत हा आत गंजून असा चिकटतो, की दांड्याबरोबर माझी कंबरही जायची. दरवर्षी ग्रीस लावत होता?"

"दर सहा महिन्यांनी."

"तुमच्यासारखे दहा मालक मिळाले तर मी बंगला बांधेन." तिने सायकल अलगद उलटी केली, पायडलांच्या मधल्या सांध्याखाली बॅटरी मारली. "कारागिराचा शिक्का आहे. एकशे बारा नंबर. मावशी, इकडे या ना, बघा. या माणसाने आयुष्यात दोनशेसुद्धा बांधल्या नाहीत."

"मला दिसत नाही जवळचं," भिंगरी म्हणाली. तिने कालच सुईत दोरा ओवला होता.

दादाचा चेहरा उजळला होता. तिने त्याला असा खुललेला कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. सायकलवालीने एक आकडा सांगितला, बाकीचं ठीक निघालं तर, असं म्हणून. तो दादाच्या पाच महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. दादाला पैशाची नड नव्हती. पण त्याने तो आकडा हळूच ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटला, कुणी आपल्या मुलाचे मार्क म्हणावेत तसा.

"पडलात तेव्हा काय झालं होतं?" बॅटरी नळीवरून सरकवत तिने विचारलं.

"उतार होता. डावीकडे गेली. मला सावरता आली नाही."

"सामान असेल एका बाजूला जड."

"दोन्ही पिशव्या तोलून भरल्या होत्या. साडेआठ किलो, साडेआठ किलो. दहा ग्रॅमचा फरक नाही. पहिल्या दिवसापासून डावीकडे ओढ वाटत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पिशव्यांची अदलाबदल केली. तरी डावीकडेच. म्हणजे दोष सामानाचा नव्हता."

"मग कशाचा?"

"माझा," दादा म्हणाला. मीटरवरचा आकडा वाचावा तसं म्हणाला.

भिंगरीने हातातली बशी उगाच दोनदा पुसली. तिने ती खाली ठेवली.

बॅटरी थांबली होती. तिरप्या नळीच्या खालच्या अंगावर, हँडलपासून चार बोटांवर, सायकलवालीने अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. मग चष्मा लावून अगदी जवळ वाकली.

"काका, ही समोरून कशावर आपटली?"

"कशावर नाही. लिहिलंय ना. डावीकडे पडली."

"आडवं पडून इथे वळी येत नाही. समोरून धडक बसली की पुढचं चाक मागे येतं आणि नळी इथे चुरगळते. आणि हा रंग ब्रशने मारलाय. सुंदर मारलाय, पण ब्रशच्या रेघा आहेत."

"शक्य नाही."

"हात लावून बघा."

दादाने गुडघ्यांवर हात टेकत खाली बसून बोट लावलं. त्याचं बोट तिथे राहिलं. सेहेचाळीस वर्षं तो ही सायकल पुसत होता, पण नळीच्या पोटाखालून हात फिरवताना त्याला ती उंचवट्याची रेघ बहुधा जोडाचाच भाग वाटली असावी. जो माणूस दोन मिलिमीटर ओळखायचा, त्याने आपल्या सायकलीवर संशय घेतलाच नव्हता.

"माझ्याशिवाय ही कुणी चालवलेली नाही," तो म्हणाला.

सायकलवाली उठली. हात पुसले. तिच्या बोलण्यात आता दया आली होती आणि ती रागापेक्षा वाईट होती. "असू दे काका. विकताना सगळेच थोडंफार लपवतात. मला त्याचं काही वाटत नाही. फक्त किंमत तशी धरावी लागेल. हा कागद मात्र मी गिऱ्हाइकाला देऊ शकणार नाही." आणि तिने तो कागद घडी घालून दादाला परत केला.

दादाने तो घेतला नाही. तो कागदाकडे नुसता बघत राहिला. पस्तीस वर्षांत त्याने कुणाच्या दुकानात पाण्याचा घोट घेतला नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून. त्याचा हात एकदा वर आला, पुन्हा मांडीवर पडला.

"मी आपटली ती," भिंगरी म्हणाली.

दादाने मान वर केली.

"मी. टेकडीच्या पुलावर. तू प्रशिक्षणाला गेला होतास. " ती सायकलवालीकडे वळली. "त्यांनी काही लपवलेलं नाही हो, त्यांना माहीतच नाही. वेल्डिंगवाल्याने चिमटा सरळ केला. पाट्या रंगवणाऱ्याने रंग दिला. कागद खरा आहे. म्हणजे खोटा आहे, पण त्यांच्या बाजूने खरा आहे."

"कुठल्या तारखेला?" दादाने विचारलं.

"शुक्रवारी. तू जाऊन चार दिवस झाले होते."

"चिमटा कशाने सरळ केला?"

"पाइपने. आत घालून, पाय लावून."

"पाइपने," दादा म्हणाला. "माप न घेता?"

"त्याच्याकडे कसलं माप, दादा. एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, झालं."

सायकलवालीने दोघांकडे पाहिलं. अशा वेळी माणसाने निघून जावं की थांबावं, हे तिला कळेना, म्हणून तिने जे येत होतं ते केलं. सायकल सुलटी उभी करून भिंतीला टेकवली, पुढच्या चाकासमोर उकिडवी बसली. "बघा. चाक चिमट्याच्या मधोमध नाही. डावीकडे आहे. आता दोष चाकाचा की चिमट्याचा?" तिने चाक काढलं, डावी बाजू उजवीकडे करून उलटं बसवलं. "चाकाचा असता, तर आता ते उजवीकडे गेलं असतं."

चाक अजूनही डावीकडेच होतं. बोटभरसुद्धा नाही, अर्ध्या नखाएवढं. पण होतं.

दादा खुर्चीवर बसला. बराच वेळ त्याने त्या फटीकडे पाहिलं.

"आम्ही दुकानदाराचा तराजू असाच तपासायचो," तो शेवटी सायकलवालीला म्हणाला. भिंगरीकडे त्याने पाहिलं नाही. "दोन पारड्यांतली वजनं अदलाबदल करायची. काटा तरीही त्याच बाजूला झुकला, तर वजनं निर्दोष. तराजूचा दांडा खोटा. तराजू जप्त करायचा. पहिल्या दिवशी शिकवतात हे. मी हजार वेळा केलंय." तो थांबला. "मी पिशव्या बदलल्या. काटा त्याच बाजूला. आणि जप्त कुणाला केलं, तर मला."

भिंगरीला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. नुसते हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ती खोक्यांवरची सुतळी सोडायला लागली.

"ती सुतळी ठेव!" दादा एकदम ओरडला. एवढा, की सायकलवाली दचकली. "एकदा, एकदा तरी एका जागी उभी राहा! दवाखान्यात माझ्या उशाशी बसली होतीस तू. मला चमच्याने पेज भरवत होतीस. तेव्हा तोंडात काय धरलं होतंस?"

"भीती," भिंगरी म्हणाली.

"माझी?"

"तुझी नाही रे. तू रागावला असतास, चार दिवस बोलला नसतास, मग बोलला असतास. आपणच मोडलं हे आपल्याच तोंडून ऐकायची. तू म्हणालास, माझाच हात कच्चा, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटलेलं मला अजून..." तिला पुढे शब्द सापडला नाही. "मग तू दुसऱ्या वर्षी नकाशे रद्दीत दिलेस. तेव्हा सांगणार होते. रद्दीवाल्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले होते."

रस्त्यावरून कुणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवत गेलं.

सायकलवालीने घसा साफ केला. "काका, मी उद्या येऊ?"

"नाही. आजच संपवू. आता किंमत काय?"

तिने नवा आकडा सांगितला, जरा चढाच सांगितला असावा, कारण दादाने मान हलवली. "चिमटा नवा लागेल. नळीचा दोष धरलात?"

"धरला. थोडा."

"पूर्ण धरा. नळी वाकलेली सायकल तुम्ही दुसऱ्याला विकणार आहात. त्याला सांगणार आहात ना?"

"सांगणारच."

"मग धरा." आणि दादाने घासाघीस केली, पण उलटी, किंमत खाली आणणारी. सायकलवाली वैतागली, हसली, आणि शेवटी पहिल्या आकड्याच्या निम्म्यावर दोघांचं जमलं. मग त्याने कागद मागून घेतला, खोट्या ठरलेल्या ओळी रेघ मारून खोडल्या, आणि पेन भिंगरीपुढे धरलं. "लिही. काय, कुठे, कधी. आणि सही कर."

भिंगरीने लिहिलं. एका ठिकाणी तिने "चुकून" लिहिलं होतं, दादाने त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "चुकून?" तिने थोडा वेळ विचार केला आणि तो शब्द खोडला.

सायकलवाली सायकल हाताने ढकलत दारातून बाहेर गेली. दादा पायरीपर्यंतसुद्धा गेला नाही. आत चादरीवर चाकांचे दोन फिकट डाग उरले होते. भिंगरी चादर उचलायला वाकली आणि मध्येच थांबली. ओरडा खाल्लेल्या मुलीसारखी भिंतीशी उभी राहिली. निघून जावं, की थांबावं? रविवारी तो जाणार. त्याआधी तीन दिवस. तीन दिवसांत सेहेचाळीस वर्षांचं भांडण पुरतं भांडूनही होणार नव्हतं.

"तो शब्द का खोडलास?" दादाने विचारलं. त्याची पाठ तिच्याकडे होती.

"कुठला?"

"चुकून."

भिंगरीच्या पायाखालची फरशी गार लागत होती. "कारण ब्रेकपर्यंत माझा हात पोचत होता," ती म्हणाली. "दाबता आला असता. मी दाबलाच नाही. उतार सुरू झाला आणि मला वाटलं, अजून थोडा वेळ ब्रेक नको. अजून थोडा. एवढंच."

दादा वळला. ती त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होती आणि तिला तो वाचता येत नव्हता. राग होताच. तो कुठे जाणार होता. पण त्याच्या डोळ्यांत आणखी काहीतरी होतं. आपल्या मापाने बांधलेली सायकल दुसऱ्याने उतारावर भरधाव सोडली, आणि ती कशी पळाली हे आपल्यालाच माहीत नाही, अशा माणसाचं कुतूहल.

"बस," तो म्हणाला.

ती बसली.

"उतार कुठून सुरू झाला, तिथून सांग. किती वेग होता, हँडल कसं लागत होतं, सगळं. धडकेपर्यंतचं सांग. धडकेनंतरचं मला माहीत आहे."